गंमत केली हो!

"गंमत केली हो, एवढं काय मनाला लावून घ्यायचं!" हे वाक्य कानावर आलं नाही अशी बाई आपल्यात विरळाच. नव्या सुनेच्या भाकरीवरून, अंगलोटावरून, माहेरच्या बोलीवरून चारचौघांत बोलायचं आणि तिचा चेहरा उतरला की हे वाक्य पुढे करायचं. बोलणारा मोकळा सुटतो आणि जिला लागलं तीच अपराधी ठरते, कारण तिला म्हणे विनोद कळत नाही.

आज मला ह्याच वाक्यावर लिहायचं आहे, पण घरातल्या नव्हे. कोट्यवधींचा व्यवहार करणाऱ्या, काचेच्या इमारतींत बसणाऱ्या कंपन्यांच्या तोंडी हल्ली ते वाक्य फार येतं. विशेषतः संगणकाच्या धंद्यातल्या नव्या कंपन्यांच्या, ज्यांना सगळे स्टार्टअप म्हणतात. एक एप्रिल जवळ आला की ह्यांना एक खाज सुटते. आपण अमुक कंपनी विकत घेतली, अशी खोटी बातमी द्यायची, तीही खऱ्या बातमीच्या थाटात, मालकाच्या सहीनिशी. दुपारपर्यंत लोकांना ती खरी वाटू द्यायची आणि मग डोळा मारणारं चित्र टाकून म्हणायचं, गंमत केली.

"तुला गं काय करायचंय त्याचं?" असं आमच्या घरातही विचारून झालं. करायचंय ते असं, की आपल्या बेळगावची अर्धी मुलं पुण्याला आणि अर्धी बंगळूरला ह्याच कंपन्यांत नोकरीला आहेत. आपल्यातल्या कितीजणींचे महिन्याला हजार-दोन हजार म्युच्युअल फंडात जातात. तेव्हा हा विषय माझ्या ओट्यापासून फार लांब नाही.

ह्या खोडीची थोरली बहीण अमेरिकेतली. १ एप्रिल १९९६ रोजी टाको बेल नावाच्या उपाहारगृहांच्या कंपनीने तिथल्या मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात दिली, की आम्ही फिलाडेल्फियाची लिबर्टी बेल विकत घेतली आहे आणि आता तिचं नाव 'टाको लिबर्टी बेल'. देशावरचं कर्ज फेडायला आमचा हातभार, असंही वर लिहिलं होतं. ही तडा गेलेली जुनी घंटा म्हणजे त्या देशाच्या स्वातंत्र्याची खूण. हजारो लोकांनी संतापून तिथल्या कचेरीत फोन केले. दुपारी कंपनीने खुलासा केला आणि घंटेच्या देखभालीसाठी ५०,००० डॉलर देऊ केले. राष्ट्राध्यक्षांचे प्रवक्तेही हसण्यात सामील झाले आणि म्हणाले, लिंकनचं स्मारकही आम्ही मोटार कंपनीला विकलंय.

ह्या थट्टेवर माझा फारसा राग नाही. घंटेला नोकरी नसते. तिच्या घराचे हप्ते नसतात. फोन घेता घेता कचेरीतले लोक वैतागले असतील, पण संध्याकाळी कोणाच्या घरी चूल पेटायची थांबली नाही. मात्र एक गोष्ट त्या दिवशी जाहिरातवाल्यांच्या ध्यानात आली, की खोटी खरेदी जाहीर केली तर खऱ्या जाहिरातीपेक्षा जास्त गाजावाजा होतो. घंटेच्या जागी जिवंत माणसांनी भरलेली कंपनी यायला मग किती वेळ लागणार!

आपल्या भाषेत ह्या प्रकाराला एक शब्द नाही, ढीगभर आहेत. गंमत वेगळी, थट्टा वेगळी, चेष्टा वेगळी आणि कुचेष्टा वेगळी. गमतीत दोघंही हसतात. थट्टेत एक हसतो, दुसरा लाजतो, पण मग दोघं एकाच पंगतीला बसतात. कुचेष्टेत एक हसतो आणि दुसऱ्याला हसण्याचं सोंग आणावं लागतं, कारण हसणारा त्याच्याहून वरचा असतो. मालकाच्या विनोदावर नोकर हसतो ना, तसं. शिमग्यातली बोंबसुद्धा ह्याहून प्रामाणिक. ती बोंब आहे हे मारणाऱ्याला ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. सही-शिक्क्याचा कागद काढून कोणी बोंब मारत नाही.

आता कंपनी विकत घेणं म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. ती एक सोयरीक आहे. उद्या समोरच्या बाईने सकाळी उठून गल्लीभर सांगितलं, "अमक्यांच्या थोरलीचं आमच्या बाळूशी ठरलं, काल सुपारी फुटली," आणि दुपारी म्हणाली, "चेष्टा हो," तर? मुलीच्या आईला बारा घरी जाऊन सांगावं लागेल की काही ठरलेलं नाही. तिला जे खरोखरीचं स्थळ विचारत होतं ते गपचूप मागे सरेल. आणि मुलीने दार लावून घेतलं तर लोक म्हणतील, किती बाई मनाला लावून घेते! बाजारातही हुबेहूब असंच घडतं. जिच्या नावाने थट्टा झाली त्या कंपनीचं गिऱ्हाईक बिचकतं, उधारीवर माल देणारा पैसे आधी मागतो आणि चांगली माणसं दुसरीकडे अर्ज धाडायला लागतात.

आमच्या गल्लीतल्या एका घरची सून बंगळूरच्या अशाच एका कंपनीत हिशेबाचं काम करते. घरून काम चालतं, म्हणून त्या वेळी दोन महिने ती इथे सासरी होती. तिच्या कंपनीहून धाकट्या असलेल्या एका कंपनीने एक एप्रिलच्या सकाळी जाहीर केलं, की आम्ही तिची कंपनी घेतली. दोघींची नावं मी लिहीत नाही. ही मुलगी हिशेबातली, तिला पुढचं लगेच दिसलं. दोन कंपन्या एक झाल्या की दोन हिशेब विभाग राहत नाहीत, दोन माणसं-भरतीचे विभाग राहत नाहीत. एक राहतो, आणि सहसा घेणारीचा. बंगळूरात एक फ्लॅट ह्यांनी पसंत केला होता आणि त्याच दिवशी विसार द्यायचा होता. नवरा-बायकोने फोनवर अर्धा तास विचार केला आणि दलालाला कळवून टाकलं, आमचं राहू द्या. दुपारी दीडच्या सुमारास हसरं चित्र आलं. तिच्या स्वतःच्या साहेबांनीसुद्धा त्याखाली हसरा चेहरा टाकला, म्हणजे आपणही किती खेळकर हे दिसावं! फ्लॅट तोवर दुसऱ्याने उचलला होता.

तिच्या सासूबाई मला म्हणाल्या, "वहिनी, ह्यात फसवलं कुणी म्हणायचं?" प्रश्न बरोबर होता. कायद्याने पाहिलं तर कोणी एका रुपयाला फसवलं नव्हतं.

आणखी एक सांगते, जे अमेरिकेतली खोडी इकडे उचलून आणणाऱ्यांच्या डोक्यातच येत नाही. आपल्याकडे एक एप्रिल हा मूर्ख बनवायचा दिवस नंतर आणि नव्या आर्थिक वर्षाचा पहिला दिवस आधी. खरीखुरी पत्रं ह्याच सुमाराला निघतात. पगारवाढीची, बदलीची, 'तुमची जागा आता उरली नाही' अशीही. त्या दिवशी सकाळी साहेबाचा निरोप आला तर तो खोटा असेल असं नोकरमाणसाने धरून चालावं तरी कसं? शिवाय स्टार्टअपमध्ये पगाराचा काही भाग रोख न देता कंपनीच्या शेअरच्या वायद्यात देतात. त्या कागदाचे पैसे होणार केव्हा, तर कंपनी बाजारात नोंदली गेली किंवा कोणी विकत घेतली तर. म्हणजे 'विकत घेतली' ह्या दोन शब्दांवर कोणाच्या घराचं कर्ज, कोणाच्या बहिणीचं लग्न टांगलेलं असतं. नेमके तेच दोन शब्द ह्यांना विनोदाला सापडले.

कोणी म्हणेल, कागदच तो, खोटा असला म्हणून काय झालं? तर एव्हॉनची गोष्ट ऐका. एव्हॉन म्हणजे दारोदार फिरून प्रसाधनं विकणाऱ्या बायकांच्या जोरावर उभी राहिलेली कंपनी. जगभर लाखो बायका तिच्यासाठी पावडर-लिपस्टिक विकून चार पैसे मिळवत आल्या. १४ मे २०१५ रोजी अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या सरकारी नोंदींत एक कागद दाखल झाला, की पीटीजी कॅपिटल पार्टनर्स ही संस्था एव्हॉनला शेअरमागे १८.७५ डॉलर द्यायला तयार आहे. बाजारातला भाव सात डॉलरच्याही खाली होता. शेअर एकदम वीस टक्क्यांच्या आसपास उसळला. मग कळलं की अशी संस्थाच कुठे नाही. कागदात नावं धड नव्हती, शुद्धलेखन धड नव्हतं, तरी लोकांनी पैसे ओतले. नियामकाने बल्गेरियातल्या एका इसमावर खटला भरला.

आता मला सांगा, त्या इसमाच्या कागदात आणि एक एप्रिलच्या कागदात मजकुराचा फरक काय? दोन्हींत खोटी खरेदी, दोन्हींत खऱ्याचा थाट, दोन्हींत वाचणारा फसावा ही इच्छा. एक केवळ पैशासाठी खोटं बोलला म्हणून गुन्हेगार, दुसरा प्रसिद्धीसाठी बोलला म्हणून कल्पक! प्रसिद्धी म्हणजे पैसे नव्हेत काय? फुकट झालेल्या जाहिरातीचे भाव हीच मंडळी दुसऱ्या दिवशी बैठकीत मोजतात.

फोक्सवॅगनने तर निर्लज्जपणाची कमाल केली. मार्च २०२१ च्या अखेरीस त्यांच्या अमेरिकेतल्या कचेरीने जाहीर केलं, की आम्ही नाव बदलून 'व्होल्ट्सवॅगन' करतोय, कारण आता विजेच्या गाड्या. आदल्या दिवशी मसुदा 'चुकून' बाहेर पडला असं भासवलं. पत्रकारांनी स्पष्ट विचारलं, की बाबांनो, ही एक एप्रिलची थट्टा तर नाही ना? तर नाही म्हणून सांगितलं. शेअर वर चढला. संध्याकाळी खुलासा, थट्टाच होती. ही तीच कंपनी, जिने डिझेल गाड्यांच्या धुराची तपासणी चुकवणारी यंत्रणा गाड्यांत बसवली होती आणि ते २०१५ मध्ये उघड झालं होतं. ज्या घरात चोरी सापडली त्या घराने सहा वर्षांनी चोर-पोलीस खेळायला काढावं, तसं हे.

आणि ह्या सगळ्या मंडळींचे कुलपुरुष म्हणजे एलॉन मस्क. १ एप्रिल २०१८ ला त्यांनी लिहिलं, टेस्लाचं दिवाळं निघालं. त्या आधी थोडेच दिवस टेस्लाच्या गाडीत एक माणूस अपघातात गेला होता आणि शेअर आधीच घसरत होता. दुसऱ्या दिवशी तो आणखी पाच टक्क्यांच्या आसपास उतरला. सगळा दोष विनोदाचा नव्हता, पण घरात सुतक असताना ढोल वाजवणाऱ्याला आपण काय म्हणतो? त्याच वर्षी ७ ऑगस्टला त्यांनी लिहिलं, की टेस्ला ४२० डॉलरच्या भावाने बाजारातून काढून खासगी करण्याचा विचार आहे, पैशांची सोय झाली आहे. शेअर त्या दिवशी दहा टक्क्यांवर चढला. नियामकाने सप्टेंबरात खटला भरला. पैसे देणाऱ्याशी भाव ठरलाच नव्हता, असं त्यांचं म्हणणं. आणि ४२० हा आकडा कुठून आला? हिशेबाने ४१९ येत होते. तिकडे ४२० हा गांजा ओढणाऱ्यांचा खुणेचा आकडा आहे, मैत्रिणीला हसू येईल म्हणून एक डॉलर वाढवला! (आपल्याकडे चारशेवीस म्हटलं की काय कळतं, ते वेगळं सांगायला नको. आकड्यालाही आपापलं नशीब असतं.) मस्क यांना आणि कंपनीला प्रत्येकी २ कोटी डॉलर दंड झाला, त्यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. पुढे भागधारकांनी केलेल्या दाव्यात २०२३ मध्ये ज्यूरीने त्यांना जबाबदार धरलं नाही, हेही सांगायला हवं.

मला त्यांचा ट्विटरचा प्रकार मात्र सर्वांत बोलका वाटतो. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी लिहिलं होतं, की ट्विटर मला आवडतं. कोणी तरी म्हणालं, मग विकत घ्या की. हे म्हणाले, किती पडेल? सगळे हसले. २०२२ च्या एप्रिलमध्ये ह्यांनी खरोखर भाव सांगितला, शेअरला ५४.२० डॉलर. शेवटचे आकडे बघा, पुन्हा तेच ४२०. जुलैत नको म्हणाले, ट्विटरने कोर्टात खेचलं. मधल्या काळात ऑगस्टमध्ये लिहिलं की मँचेस्टर युनायटेड हा फुटबॉल क्लब घेतोय आणि काही तासांनी सांगितलं, थट्टा होती. शेवटी ऑक्टोबरात ४४०० कोटी डॉलरला ट्विटर घेतलं. कचेरीत शिरले ते हात धुवायचं बेसिन हातात घेऊन, इंग्रजीत त्यावर कोटी होते म्हणून. आठवडाभरात साडेसात हजारांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना काढलं. भारतातल्या कचेरीतली तर बहुतेक सगळीच गेली.

म्हणजे थट्टा होती ती खरी ठरली, खरं होतं ते थट्टेच्या आकड्यात लिहिलेलं, आणि कुठलं काय हे त्या साडेसात हजारांना सहा महिने कळेना. बेसिनवरचा विनोद कळायला त्यांना नोकरी हवी होती आधी.

आपल्या धर्मात ह्या गोष्टीचा विचार कधीचा झालेला आहे, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत, आपल्यापैकी पुष्कळजणींना पर्युषणातल्या स्वाध्यायामुळे त्या पाठ आहेत. क्रोध, लोभ, भय सोडायचे, विचारपूर्वक बोलायचं. आणि त्याच रांगेत हास्य सोडायचं. लहानपणी मला ह्याचं कोडं पडे. रागाने, हावेने, भीतीने माणूस खोटं बोलतो हे कळतं, पण हसण्याने? हास्य का बरं त्या तिघांच्या पंगतीला बसवलं? आता ह्या कंपन्यांकडे पाहिलं की कळतं. रागाच्या भरात खोटं बोललेल्याला मागून लाज वाटते. थट्टेत खोटं बोललेल्याला वाटत नाही, उलट तो टाळ्या मागतो. श्रावकाच्या सत्यव्रताच्या अतिचारांत तर कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणं वेगळं सांगितलं आहे. सही-शिक्क्याची खोटी घोषणा ह्याहून वेगळी काय असते? कोणी म्हणेल, जैनांना हसायचं वावडं. तसं नाही हो. आमच्या श्राविका मंडळात एकदा येऊन बघा, मंदिराच्या पायऱ्या उतरेपर्यंत पोट दुखतं हसून.

विनोद कंपन्यांना जमतच नाही असंही नाही. शिकागोच्या थर्टीसेव्हन सिग्नल्स ह्या छोट्या कंपनीने २००९ मध्ये जाहीर केलं होतं, की आमची किंमत आता १०,००० कोटी डॉलर झाली, कारण गुंतवणूकदारांनी एक डॉलर देऊन कंपनीचा ०.००००००००१ टक्का... थांबा, शून्यं मोजते, दशांशचिन्हानंतर आठ शून्यं आणि मग एक, इतका टक्का विकत घेतला. हिशेब बिनचूक होता! नफा नसताना कंपन्यांच्या किमती फुगवणाऱ्या अख्ख्या व्यवहाराची त्यात फजिती होती. हसले सगळे आणि रडलं कोणी नाही, कारण चिमटा वरच्याला होता, आणि आधी स्वतःला होता. दुसऱ्याच्या घरची पाटी काढून आपली लावली नव्हती.

बाकीच्यांना अजून कळायचं आहे. गूगलने २००४ मध्ये जीमेल एक एप्रिललाच आणलं, तर लोकांना ती थट्टा वाटली. २०१६ मध्ये त्याच दिवशी ह्याच जीमेलला एक बटण जोडलं, ते दाबलं की पत्राबरोबर एक पिवळा मिनियन जायचा आणि पुढची उत्तरंच पाठवणाऱ्याला दिसत नसत. लोकांची कामाची, शोकाची पत्रं त्या सोंगाडीसकट गेली. आरडाओरडा झाला आणि बटण त्याच दिवशी काढावं लागलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या माणसांना सांगूनच टाकलं, ह्या दिवशी बाहेर कसलीही थट्टा नको. एवढी मोठी कंपनी सांगू शकते, तर वीस जणांच्या स्टार्टअपला एवढा कसला मोठा जीव लागतो न करायला?

आपल्याकडे सेबीने एक चांगला नियम केला आहे. बाजारमूल्याने पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून, बातम्यांतल्या अफवेने भाव लक्षणीय हलला तर चोवीस तासांत ती खरी की खोटी हे सांगावं लागतं. पण बहुतेक स्टार्टअप बाजारात नोंदलेल्याच नसतात, त्यांना हा नियम लागत नाही. तिथला भागधारक म्हणजे कोण, तर तोच पगाराऐवजी कागद घेतलेला नोकर. त्याच्यासाठी चोवीस तासांचा नियम कोणी केलेला नाही.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो, ती त्या पोराने खोटं बोलू नये म्हणून. शेवटी त्याची फजिती होते आणि आपण गोष्ट मिटवतो. मेंढ्यांचं काय झालं, कोणी विचारत नाही. त्यांनी तर काही थट्टा केली नव्हती.

मैत्रिणींनो, ह्या खोट्या बातम्या लिहिणारे कोणी परग्रहावरचे नाहीत. जाहिरात विभागात बसलेली ती आपलीच भाचरं-पुतण्या आहेत, इंग्रजी फर्डं, डोकं तल्लख. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा फोन येतोच, की मावशी, यंदा आम्ही एक भारी आयडिया केलीय. तेव्हा कौतुक करायच्या आधी एवढं विचारा: ज्या कंपनीचं नाव घातलंस, तिथल्या हिशेब विभागातल्या बाईला आदल्या दिवशी फोन करून सांगणार आहेस का?